माजाची वही

सकाळी माज दिसला, तर संध्याकाळी भरवावी.
संध्याकाळी दिसला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी.
हा नियम मी सोळा वर्षं
फ्रीसलंडच्या गोठ्यागोठ्यांतून पाळत आले,
खांद्यापर्यंत हातमोजा चढवून.
चुकले क्वचितच.

आता गायींच्या पायाला पावलं मोजणारे पट्टे असतात.
रात्री कोण जास्त फिरली
ते पहाटे मालकाच्या फोनवर येतं.
शेपटीच्या मुळाशी लावलेला हिरवा रंग खरवडला गेला
म्हणजे कुणीतरी वर चढलं होतं
आणि ही उभी राहिली, पळाली नाही.
गायीचं काही झाकून राहत नाही.
माझं राहतं.

अडतिसावं लागल्यावर थर्मामीटर आणला,
दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा.
रोज एकाच वेळी, उठण्याआधी,
बोलण्याआधी, घोटभर पाण्याआधी.
पण कधी साडेतीनला वियर्स्मांची गाय अडते,
कधी रविवारी नऊपर्यंत डोळा लागतो.
माझा आलेख म्हणजे कुत्रं मागे लागलेली मेंढरं.
आणि पारा चढतो तो बीज सुटून गेल्यावर,
पंगत उठल्यावर हातात पडलेलं आमंत्रण.

युर्येन पाणी-मंडळात आहे.
कालव्याची पातळी सेंटिमीटरवर राखतो.
त्यानं चौकटीच्या कागदावर माझे ठिपके जोडले
आणि म्हणाला, एवढ्या नोंदींवरून काही सांगता येणार नाही.
इतक्या गंभीरपणे, की मला हसू आलं.
मग नाही आलं.

फोनमधलं अॅप मला अठ्ठावीस दिवसांची समजतं.
मी कधी सव्वीस, कधी तेहेतीस.
ते गुलाबी फूल उमलवून सांगतं: आज.
कशावरून, विचारलं तर गप्प.

मग पट्ट्या. दवाखान्यातली हिस्के म्हणाली,
पहाटेची पहिली लघवी नको,
दुपारी दोनच्या सुमाराला बघ, आधी पाणी कमी पी.
दुपारी दोनला मी कुणाच्या तरी शेतावर असते.
परक्या संडासात, रबरी बुटांसकट,
खिडकीशी पट्टी धरून रेघा ताडते:
दुसरी पहिलीइतकी गडद झाली,
की नुसता ढग सरकला?

सोट मात्र मला कळतो.
काचेसारखा, न तुटता वीतभर ताणला जाणारा,
गायीच्या शेपटीला लागलेला मी अंगणातूनच ओळखते.
स्वतःचा दोन बोटांत ताणून बघायला
सहा महिने लाजले.
कुणाला?
न्हाणीघरात तर कुणीच नव्हतं.

म्हातारा याबिक पट्टे वापरत नाही.
सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं फाटकावर रेलून
नुसता बघतो.
त्याची चारशे सतरा तिसऱ्यांदा उलटली.
भाकड, तो म्हणाला. गुरुवारी ट्रक येतोय.
मी म्हणाले, एकदा अजून. या वेळचं रेत माझ्याकडून.
त्यानं माझ्याकडे, गायींकडे बघतो तसंच, पाहिलं,
बराच वेळ.
मग ट्रकवाल्याला फोन लावला.

जनावरांच्या वहीत शेवटचं पान माझं आहे.
बिल्ला नंबर नाही. वेत शून्य.
अकरा तारखा,
प्रत्येकीपुढे 'उलटली'.
थर्मामीटर चमच्यांच्या खणात गेला. अॅप काढून टाकलं.
पट्ट्या ठेवल्या,
आणि ही दोन बोटं.

आज दोनला, याबिकच्याच संडासात,
दुसरी रेघ पहिलीहून गडद.
युर्येनला कळवलं. उत्तर आलं:
पाणी चढतंय, तीन नंबरचा पंप बंद,
नऊच्या आत सुटका नाही.
सकाळ, संध्याकाळ.
नियमात दुपारचा उल्लेखच नाही.

बाहेर आले. चारशे सतरा फाटकाशी रवंथ करत होती.
एकविसावा दिवस.
शेपटीवरचा हिरवा रंग जसाच्या तसा.
मी काही बोलले नाही, याबिकही नाही.
त्यानं थोडं सरकून जागा केली.
मी रेलले.